गुंडाळलेला तुकडा

“काकडीच खाल्ली ना तुझी? कोणाचा गळा नाही कापला!”

“हळू बोल. आत मॅडम बसल्यात.”

“बसू देत. त्यांनाही कळू दे, सख्खी बहीण भावाला काकडीवरून उभा-आडवा घेते ते.”

“सगळ्या खाल्ल्यास?”

“अगं, दोन तास त्या बाकावर बसवून ठेवलं होतं मला. डोळ्यात औषधाचे थेंब, पोटात कावळे. मांडीवर डबा. उघडला तर काकडीच्या चकत्या. मला वाटलं, ताईने वाटेत खायला दिलं. मीठ नव्हतं, एवढीच काय ती तक्रार.”

“डबा देताना मी काय सांगितलं होतं?”

“वर सिस्टरना दे.”

“मग?”

“दिला की!”

“रिकामा.”

“धुऊन दिला!”

बाहेर बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला हसू फुटलं. ताईला फुटलं नाही. ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती आणि भावाच्या शर्टाच्या खिशाकडे बघत होती. त्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद होता. दहा दिवसांपूर्वी हॉस्पिटलच्या याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, त्याच्या उजव्या डोळ्यात वाढलेलं मांस कापून काढलं होतं. कागदावर पहिली ओळ होती : साधी वाढ. भावाने तेवढीच वाचली होती. दुसरी ओळही होती : तुकडा गुंडाळला गेल्यामुळे कडांबद्दल मत देता येत नाही.

“सोमवारी संध्याकाळची गाडी आहे,” तो म्हणाला. “तीन वर्षं तोंड दिसणार नाही माझं. निदान हसून तरी पाठव.”

“आठ दिवस थांब.”

“का?”

“मला तो तुकडा पुन्हा कापायचाय.”

“माझा डोळा म्हणजे काय कांदा आहे, पुन्हा पुन्हा कापायला?” असं म्हणून तो गेला, जाताना त्या म्हाताऱ्याला नमस्कार करून.

हा भाऊ वेल्डर. कारखान्यात त्याला सगळे ठिणगी म्हणत, आणि ते केवळ कामावरून नव्हे. वीस वर्षं लोखंड जोडत होता, त्यातली निम्मी उघड्यावर, उन्हात, तोंडावरची ढाल कपाळावर सरकवून, कारण “ढालीतून नीट दिसत नाही.” आता समुद्रापार जहाजं बांधायच्या एका मोठ्या गोदीत त्याला काम मिळालं होतं. गोदीपासून सगळ्यात जवळचा डोळ्यांचा डॉक्टर दीड दिवसाच्या वाटेवर, असं तोच कौतुकाने सांगायचा. लांब जाणाऱ्या माणसाला गाव जितकं आडबाजूला तितकं मोठं वाटतं.

आणि ताई? ताईला सव्वीस वर्षं झाली होती, पहिल्या मजल्यावरच्या या तपासणीच्या खोलीत. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा बाटलीतून खाली यायचा, ती तो मेणात बसवायची, यंत्रावर त्याचे काप काढायची आणि काचपट्टीवर घेऊन रंगवायची. केसाचे उभे वीस भाग केले तर त्यातला एक जेवढा जाड, तेवढा तिचा काप. चार मायक्रॉन. खोलीतल्या मुली पाठीमागे तिला ‘चार मायक्रॉन’च म्हणत. तिच्या घरी जेवून आलेली एक मुलगी सांगायची, “ताईंची पोळी खिडकीला लावली तर पडदा नको.”

डोळ्यावरच्या वाढी तिच्या खास जिव्हाळ्याच्या. बाकी सगळे त्यांना वैतागत. मोहरीएवढा, पाकळीएवढा तुकडा, ना धरता येत ना सोडता येत. ताई मात्र नुसत्या डोळ्यांनी बघून सांगायची. हा पिवळट ठिपका, उन्हाने झालेला, निरुपद्रवी. हा तीळ, जन्माचा सोबती. ही कोबीच्या गड्ड्यासारखी दिसणारी मऊ गाठ, दिसायला भयंकर, स्वभावाने गरीब. एकदा एका लहान मुलीच्या डोळ्यातून काढलेल्या गाठीत दोन खरे केस निघाले होते, काळेभोर. तेव्हा खोलीत दोन दिवस कोणी दुसरं काही बोललं नव्हतं.

आणि सगळ्यात जास्त यायचं ते हे वाढतं मांस. नाकाच्या बाजूने निघतं, त्रिकोणी, लालसर, टोक काळ्या बुबुळाकडे. सूक्ष्मदर्शकाखाली ताईला ते पाठ होतं. वर पेशींचा थर, सगळ्यात खालची रांग गडद आणि शिस्तीत, वर जावं तसं चपटं, निवांत. त्याखाली उन्हाने मारलेले धागे, जुन्या पायमोज्यातलं इलॅस्टिक तुटून गोळा व्हावं तसे, निळसर, निर्जीव. हजारो पाहिले होते तिने. ते जवळजवळ नेहमी साधं असतं.

त्या ‘जवळजवळ’साठी ती काकडी कापत होती.

डोळ्यावरचं आवरण कापलं की आकसतं. औषधाच्या बाटलीत तसंच टाकलं तर रंधा मारल्यावर लाकडाची साल वळते तसं गुंडाळून बसतं, आणि एकदा त्या औषधात वळलं की जन्मात सरळ होत नाही. मग कापताना वर काय, खाली काय, कडा कुठली, काही कळत नाही. म्हणून तुकडा आधी सपाट कशावर तरी पसरून चिकटवायचा. कागद चालतो. पण कागदाने पात्याची धार बोथट होते. एका निवृत्त होत असलेल्या जुन्या माणसाने ताईला तिच्या पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, “काकडीची चकती घे. ओली असते, तुकडा धरून ठेवते, आणि मेणात त्याच्याबरोबर शिजते.” तेव्हापासून दर मंगळवारी, डोळ्यांच्या ऑपरेशनच्या दिवशी, ताईच्या घरून एक छोटा डबा तिसऱ्या मजल्यावर जायचा. वरच्या सिस्टर चकतीवर तुकडा पसरून ठेवायच्या आणि चकतीसकट बाटलीत सोडायच्या. काचपट्टीवर मग खाली काकडीच्या मोठ्या मोठ्या रिकाम्या पेशी, जाळीच्या फरशीसारख्या, आणि त्या फरशीवर उभा माणसाचा डोळा. सगळं स्पष्ट. तळ कुठे, कडा कुठे, कोण रांगेत आहे, कोण नाही.

वीस-बावीस वर्षांत तिसऱ्या मजल्यावरून कागद केव्हाच नाहीसा झाला होता. कशाला ठेवतील? मंगळवार म्हणजे काकडी.

दहा दिवसांपूर्वीच्या मंगळवारी ताईने डबा दिला तो भावाच्याच हाती. तू वर चाललासच आहेस, तर घेऊन जा.

रिकामा डबा बघून सिस्टर चिडल्या, थोडं शोधलं, आणि तुकडा तसाच बाटलीत टाकला. दुपारी बाटली खाली आली. ताईने उजेडात धरली. आत एक गुलाबी-पांढरी सुरळी पडली होती, नखाच्या तुकड्यासारखी. तिने चिमटा दोनदा पुढे केला, दोनदा मागे घेतला. शेवटी अंदाजाने मेणात बसवली. हात तिचेच. कापही तिचेच. आणि काचपट्टी मॅडमपुढे ठेवण्याआधी, जे करायचा तिला अधिकार नव्हता पण सव्वीस वर्षं ती करत आली होती, ते तिने केलं. डोळा लावून पाहिलं.

एका कोपऱ्यात रांग मोडलेली होती.

शनिवारी सकाळी ती मॅडमपुढे उभी राहिली. मॅडम तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण डॉक्टर त्या, रिपोर्टवर सही त्यांची.

“ताई, रिपोर्ट गेलाय. मी लिहिलंय ना, कडा सांगता येत नाहीत.”

“ती ओळ कोणी वाचत नाही, मॅडम.”

“वाचणाऱ्याने वाचायला हवी.”

“त्या कोपऱ्यात गडद पेशी वरपर्यंत चढल्यात.”

“दिसल्या मला. ताई, तिरपं कापलं की साधी कातडीसुद्धा राक्षसासारखी दिसते. खालचीच रांग वाकडी होऊन वर आल्यासारखी वाटते. हे मला कोणी शिकवलं? इथे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात?”

“मी.”

“मग?”

“मग सरळ कापून बघू. मेण वितळवते, सुरळीची बाजू फिरवते, पुन्हा बसवते.”

“उरलंय किती त्यात?”

“तिळाएवढं.”

“फिरवताना तुटलं तर? हरवलं तर? आत्ता निदान ‘सांगता येत नाही’ असं म्हणता येतं. मग तेही म्हणता येणार नाही.”

“हरवलं तर मला सांगा, मी उद्यापासून येत नाही.”

मॅडमनी चष्मा काढला. “सख्खा भाऊ आहे म्हणून म्हणताय ना? दुसऱ्या कोणाचा असता तर?”

“दुसऱ्या कोणी काकडी खाल्ली नसती.”

मॅडम हसल्या, आणि हसता हसताच थांबल्या, कारण ताईचा चेहरा त्यांना त्या वाक्यासारखा दिसला नाही. “करा,” त्या म्हणाल्या. “मी दुपारी बाहेरगावी चाललेय. काचपट्ट्या ठेवा, सोमवारी सकाळी बघते.”

मेण वितळायला फार वेळ लागत नाही. पांढऱ्याचं पारदर्शक होतं, पारदर्शकाचं पाणी, आणि त्या पाण्यात भावाचा डोळा तळाशी जातो. ताईने श्वास धरून सुरळी उचलली. गरम चिमट्याच्या टोकावर ती क्षणभर आडवी झाली, मग सरकली आणि चिमट्यावरून गेली. टेबलावर पांढरं काहीच नव्हतं. खोलीतल्या मुलींनी आपापले हात जिथल्या तिथे थांबवले. कोणी पाऊल हलवेना. एकीने हळूच विचारलं, “ताई, पंखा बंद करू?”

“नको. काही हलवू नको.”

तुकडा तिच्या डाव्या मनगटावर होता, घड्याळाच्या पट्ट्याला चिकटलेला. तिने तो तिथूनच उचलला, कडेवर उभा केला, वर नवं मेण ओतलं. मग थंड होईपर्यंत ती त्यापुढून उठली नाही. पाणी प्यायलाही नाही.

ताईच्या वडिलांच्या डोळ्यातही हेच मांस होतं. ते चुन्याच्या भट्टीवर होते. धूर, पांढरी धूळ, माथ्यावर ऊन. घरात आरसा होता, पण पारा उडालेला, त्यात नाक दिसलं तर डोळा दिसत नसे. म्हणून दर रविवारी आंघोळ झाली की ते खिडकीशी बसायचे, हनुवटी वर करायचे आणि दहा वर्षांच्या मुलीला विचारायचे, “बघ गं, कुठवर आलं?”

पहिल्यांदा तिने खरं सांगितलं होतं. काळ्यावर आलंय, थोडंसं. त्या रात्री वडील जेवले नाहीत. आईने तिला चुलीपाशी ओढून सांगितलं, “तुझ्या जिभेला काही हाड? काम सोडून बसले तर खायचं काय? तिथेच आहे म्हणायचं.”

“तिथेच आहे, बाबा.”

चार वर्षं, रविवारमागून रविवार. तिथेच आहे, बाबा. वडील तिच्या डोक्यावर टपली मारायचे आणि खूश होऊन उठायचे. मांस बुबुळाच्या अर्ध्यावर आलं तेव्हाही तिथेच होतं. मग ते जाड झालं, पांढरट, खडबडीत, आणि एका सकाळी उशीवर रक्ताचा डाग दिसला. डॉक्टरांनी त्याला मांस म्हणणं तिथून पुढे सोडून दिलं. डोळा काढला. पुढच्या वर्षी वडील गेले. भाऊ तेव्हा पाच वर्षांचा होता, त्याला आठवतं ते एवढंच, की बाबांच्या एका डोळ्यावर पांढरी पट्टी असायची आणि तो तिला शिवून बघायला मागायचा.

हे ताईने त्याला कधी सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही. काही लोक पाप धुवायला देवळात जातात, ताईने काप पातळ केले.

शनिवारी दुपारी यंत्राच्या पात्यावरून फीत उतरली, एकाला एक जोडलेले सात काप. कोमट पाण्यावर ती सुरकुत्या सोडत पसरली. काचपट्टीवर घेतली, रंगवली. गुलाबी आणि जांभळा. ताईने डोळा लावला. या वेळी सुरळी उभी कापली गेली होती, वर वर आणि खाली खाली. काकडीची फरशी नव्हती, तरी तळ दिसत होता.

तिने एकदाच पाहिलं. बराच वेळ. मग दिवा बंद केला.

रविवारी घरी भावाची बॅग भरणं चाललं होतं. दोघं एकाच घरात, पुढच्या-मागच्या खोलीत.

“ताई, तुझ्या त्या पुन्हा कापण्याचं काय झालं? झाली का माझी कोशिंबीर?”

“मॅडम उद्या बघणार.”

“तू नाही बघितलंस?”

“मला सांगायचा अधिकार नाही.”

“ते नाही विचारलं मी.”

ताईने त्याचे पायमोजे उचलले आणि गुंडाळी करून एकात एक घातले, एक एक जोडी, सहा वेळा. तो तिच्याकडे बघत राहिला. उजव्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात अजून लाली होती, आत टाके दिसत होते, काळ्या मुंगीच्या पायांसारखे.

“तू लहानपणापासून अशीच,” तो म्हणाला. “ताकाला जाऊन भांडं लपवायचं.”

रात्री त्याने तिच्या ताटातल्या काकडीला हात लावला नाही. तिनेही लावला नाही. फोडी तशाच राहिल्या.

सोमवारी मॅडम साडेआठला आल्या. काचपट्टी लावली. एका डोळ्याने, मग दुसऱ्याने. बाजू सरकवली. परत मागे आणली. ताई शेजारी उभी होती, हात पुसायच्या कापडाला हात पुसत. कोरडेच होते.

“तळाची रेघ शाबूत आहे,” मॅडम म्हणाल्या.

“हो.”

“म्हणजे आत शिरलेलं नाही. अजून वाईट झालेलं नाही, ताई.”

“हो. पण?”

मॅडमनी उत्तर द्यायच्या आधी पुन्हा एकदा पाहिलं. “पण रांग मोडलीय. तिरप्या कापामुळे नाही, खरंच मोडलीय. अर्ध्यापर्यंत चढल्यात पेशी. वाटेला लागलंय.” त्यांनी खुर्ची मागे घेतली. “आणि कडेपर्यंत तेच आहे. कापलं तिथपर्यंत.”

“म्हणजे थोडं डोळ्यातच राहिलंय.”

मॅडमनी कागद ओढला आणि नवीन रिपोर्ट लिहायला घेतला.

दहाच्या सुमाराला भाऊ आला. खांद्यावर बॅग, डोळ्यावर नवा काळा चष्मा, हातात पेढ्यांऐवजी बिस्किटांचा पुडा, मुलींसाठी. “घ्या घ्या, काकडी नाहीये यात,” तो म्हणाला. एक मुलगी हसली आणि मग ताईकडे बघून गप्प झाली. मॅडम उठून आतल्या खोलीत गेल्या. मुलींनाही अचानक काहीतरी आणायचं आठवलं. खोलीत दोघंच उरले.

“काय गं? मयताला आल्यासारखे का निघून गेले सगळे?”

“चष्मा काढ.”

“संध्याकाळची गाडी आहे, ताई. तू इथेच बस, मी जातो. पाया पडू दे.”

“काढ आधी.”

त्याने काढला. आणि काय झालं कोण जाणे, कुठलंच काही माहीत नसलेल्या त्या माणसाने हनुवटी वर केली, खिडकीच्या उजेडाकडे डोळा नेला आणि विचारलं, “बघ. आलं का परत? गेलंय ना सगळं?”

ताईच्या तोंडात चाळीस वर्षांची सवय तयार होती. जीभ टाळूला लागलीसुद्धा.

“नाही,” ती म्हणाली.

“नाही म्हणजे?”

“सगळं नाही गेलं. थोडं आत राहिलंय. दिसत नाही, पण आहे. आणि ते साधं नाही.”

“कागदावर लिहिलंय साधं आहे.”

“तो कागद चुकीचा. तुकडा गुंडाळला होता, तिरपा कापला मी. हा खरा.” तिने नवा कागद पुढे केला. “वाईट नाही अजून. ऐकतोयस? कॅन्सर नाही झालेला. पण तिकडे चाललंय. पुन्हा कापावं लागेल, थेंब घालावे लागतील, आणि दर तीन महिन्यांनी कोणीतरी डोळ्यात बघावं लागेल. तीन वर्षं. तिकडे कोणी बघणार नाही.”

“वर्षाने सुट्टी मिळते.”

“वर्ष फार होतं.”

“तुला कसं माहीत? तू डॉक्टर आहेस?”

“बाबांना चार वर्षं लागली.”

त्याने कागद हातात घेतला. मग अगदी सावकाश म्हणाला, “बाबांना काय?”

“हेच होतं त्यांना. दर रविवारी मला विचारायचे, कुठवर आलं. मी म्हणायचे, तिथेच आहे. सरकत होतं, मला दिसत होतं. मी सांगितलं नाही.” तिचा आवाज कुठेही चढला नाही, ती जणू बाटलीवरची चिठ्ठी वाचत होती. “आता तू विचारलंस. मी सांगितलं.”

खाली कोणीतरी ढकलगाडी नेत होतं, चाक कुरकुरत होतं. भाऊ खिडकीकडेच बघत होता. उजेडाने त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं, नुसत्या उजव्याच. त्याने ते पुसलं नाही.

“उद्या मंगळवार,” ताई म्हणाली. “मी सिस्टरना सांगून ठेवलंय. पहिला नंबर तुझा. डबा मी स्वतः वर नेणार आहे. काकडी आणलीय.” तिने टेबलाचा खण ओढून दाखवला. आत खरंच होती, हिरवी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. “येशील ना?”

त्याने खणाकडे पाहिलं. नव्या कागदाच्या चार घड्या घातल्या आणि तो खिशात ठेवला, जुन्या कागदाच्या शेजारी.

“सांग ना रे. येशील ना?”

त्याने चष्मा डोळ्यावर चढवला, बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला आणि दार उघडून तो बाहेर गेला.